झाडे तोडलेली नाहीत

परवा सोसायटीचं जुनं लोखंडी कपाट आवरायला घेतलं. आमच्याकडे सध्या रिडेव्हलपमेंटचं वारं वाहतंय, त्यामुळे जुने कागद शोधायची लगबग चालू आहे. नकाशे, टॅक्सच्या पावत्या, पाणीपट्टी आणि वाळवीने कुरतडलेलं एक शेअर सर्टिफिकेट असं सगळं बाहेर आलं. त्यातच एक इतिवृत्ताची वही निघाली, २००१ सालची. अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून उघडली, तर अक्षर माझंच! त्या वर्षी मी सचिव होतो. एका पानावर लिहिलं होतं : "इमारतीच्या मागील बाजूस असलेल्या दलदलीच्या जागेत भराव टाकून जागा समतल करून घेण्यात आली. झाडे तोडलेली नाहीत." खाली माझी सही.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं होतं, हे मला लख्ख आठवतं. सभेत एका वयस्कर सभासदाने झाडांचं काय, असं विचारलं होतं आणि मी मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, की एकाही झाडाला कुऱ्हाड लावलेली नाही. ते खरंच होतं.

दोन वर्षांत ती सगळी झाडं मेली.

आज लिहायचंय ते त्याबद्दल. पण नुसता कबुलीजबाब लिहून काही होत नाही, म्हणून ती झाडं जगत कशी होती आणि ती मरतात कशी हे माणसांना कसकसं कळत गेलं, ते जमेल तसं सांगतो.

माझं बालपण डोंबिवलीत गेलं. मुंबईला जायचं ते स्लो लोकलने, कारण वडिलांना बसायला जागा हवी असायची. मुंब्रा सोडलं की खाडीचं पाणी आणि चिखल सुरू व्हायचा, आणि कळवा ते ठाणे या टप्प्यात तो प्रसिद्ध वास! डब्यातल्या बायका पदर नाकाला लावायच्या. खिडकीतून दिसायची ती बुटकी, मळकट हिरवी झाडी. आम्ही तिला झाडं म्हणतच नव्हतो. 'खाडीचं झुडूप' म्हणायचो. आंब्याला झाड म्हणायचं, वडाला झाड म्हणायचं, हे आपलं चिखलात काहीतरी उगवलेलं. १९९९ मध्ये ठाणे पूर्वेला, खाडीच्या अंगाला फ्लॅट घेतला, तेव्हा मागच्या खिडकीतून तीच झाडी दिसायला लागली. स्वस्तात मिळाला याचं एक कारण ती झाडी आणि तिचे डास हेही होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

ही झाडी म्हणजे तिवर. ठाण्याच्या खाडीत सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरिना. या नावात एक गंमतशीर इतिहास दडलाय. ॲव्हिसेनिया हे 'इब्न सिना' या नावाचं लॅटिन रूप. इब्न सिना (९८० ते १०३७) हा बुखाऱ्याजवळ जन्मलेला थोर वैद्य आणि तत्त्वज्ञ. त्याचं नाव स्वीडनच्या लिनियसने या वनस्पतींच्या कुळीला दिलं. लिनियसचाच एक शिष्य होता पेटर फोर्स्कोल. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात अभ्यासाची एक मोहीम पाठवली, तिच्यात तो होता. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर त्याने हे झाड नोंदवलं, तिथल्या अरबी नावावरून त्याला 'सेउरा मरिना' म्हटलं, आणि १७६३ च्या जुलैमध्ये येमेनमध्ये हिवतापाने तो वारला. मोहिमेतले लोक एकामागून एक गेले. उरलेले दोघे बोटीने कुठे यावेत? तर आपल्या मुंबईला! त्यातला क्रामर नावाचा डॉक्टर मुंबईत वारला आणि शेवटी एकटा कार्स्टन नीबुर राहिला. हा नीबुर १७६४ च्या अखेरीपर्यंत मुंबईत होता. घारापुरीला वारंवार जाऊन त्याने तिथल्या लेण्यांची मापं आणि चित्रं घेतली. पुढे युरोपात परतल्यावर १७७५ मध्ये आपल्या मेलेल्या मित्राचं वनस्पतींवरचं टिपण त्याने छापून काढलं. तिवराच्या नावातलं 'मरिना' तिथून आलं.

आता बघा, घारापुरी आहे ठाण्याची खाडी जिथे मुंबईच्या बंदराला मिळते त्या बाजूला, आणि त्या बेटाच्या काठाला तिवरं आहेत. म्हणजे नीबुर होडीतून उतरताना ज्या झाडांजवळून गेला असेल, त्याच झाडाचं नाव त्याच्या मित्राच्या वहीत होतं. त्याने ते ओळखलं का, कुणास ठाऊक. पण कळव्याच्या पुलावरून जाताना मला हल्ली हे आठवतं.

असो. मूळ प्रश्नाकडे येतो. चिखलात जगण्यात एवढं अवघड काय आहे?

आपली सगळ्यांची समजूत अशी, की झाडाला पाणी मिळालं की झालं. पण मुळांनाही श्वास लागतो. पानं दिवसा ऑक्सिजन तयार करतात हे खरं, पण मुळं अंधारात असतात, त्यांना तो बाहेरून घ्यावा लागतो. साध्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये हवा असते, तिच्यावर मुळांचं भागतं. कुंडीत जास्त पाणी घातलं की तुळस कुजते ती याचमुळे, पाण्याने नव्हे तर हवेवाचून. पाण्यातून ऑक्सिजन पसरायचा वेग हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी. त्यात खाडीचा चिखल म्हणजे मैद्यासारखा बारीक. त्यातल्या जिवाणूंनी उरलासुरला ऑक्सिजन केव्हाच संपवलेला असतो. मग ते जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू निघतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. चिखल काळा दिसतो तो त्यातल्या लोहाशी गंधकाचा संयोग होऊन. डब्यातल्या बायका नाकाला पदर लावायच्या त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा होताच, पण काही वाटा या मूळच्या वासाचाही होता. हा वायू मुळांना विषारी असतो. म्हणजे आधीच हवा नाही, वरून विष आणि वरून मीठ.

अशा ठिकाणी तिवर काय करतं? जमिनीखाली फार खोल जातच नाही. त्याच्या मुळ्या चिखलाच्या वरच्या थरात आडव्या पसरतात, आणि त्यांच्यातून पेन्सिलीएवढ्या काड्या सरळ वर, आकाशाकडे निघतात. मुळं खाली जातात असं आपण शाळेत शिकलो, इथे ती चक्क वर येतात! ओहोटीला खाडीकाठी उभं राहिलात तर झाडाभोवती खिळे ठोकल्यासारख्या या काड्या दिसतील. वीतभर उंच, कधी त्याहून कमी. दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला अशा दहा हजारांहून जास्त काड्या असू शकतात. ही श्वसनमुळं. प्रत्येकीच्या सालीवर बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत जाते, पाणी जात नाही. आत मुळाचा गाभा स्पंजासारखा पोकळ, त्याला वायुऊती म्हणतात. त्या पोकळ्यांतून हवा थेट चिखलातल्या मुळापर्यंत पोचते.

तिवराचेच भाऊबंद वेगळ्या वाटा काढतात. चिपीची श्वसनमुळं जाड आणि शंकूसारखी. कांदळ खोडापासून कमानीसारखे पाय फेकतं आणि तरंगत्या मचाणासारखं उभं राहतं. त्याच्या त्या पायांवर छिद्रं असतात. प्रश्न एकच आणि उत्तरं घराघराची वेगळी. (पांढरी चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. राज्यफूल, राज्यपक्षी ठाऊक असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.)

ही झाडं माणसाला चमत्कारिक वाटत आलीत ती फार पूर्वीपासून. अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर आलेल्यांनी समुद्रात उभी असलेली झाडं पाहिली आणि त्यांच्या हकिकतींवरून ग्रीसमधल्या थिओफ्रास्टसने आपल्या वनस्पतींच्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं. म्हणजे तेवीसशे वर्षं झाली. पण वर येणाऱ्या मुळांचं काम काय, हा प्रश्न नीट विचारला गेला तो एकोणिसाव्या शतकात. कार्ल गोबेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये चिपीच्या या मुळांवर लिहिलं. तरी हा झाला तर्क. ती मुळं खरोखरच श्वास घेतात, हे मोजून दाखवायला १९५५ साल उजाडलं.

तो प्रयोग इतका साधा आहे, की वाचल्यावर मला घाम फुटला. का, ते पुढे सांगतो. शोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कांदळाच्या चिखलात बुडालेल्या मुळांमधली हवा काढून तपासली. तिच्यात ऑक्सिजन होता १५ ते १८ टक्के. आपण श्वास घेतो त्या हवेत असतो २१. म्हणजे ज्या चिखलात ऑक्सिजनचा थेंब नाही, त्याच्या पोटात हे झाड जवळजवळ मोकळ्या हवेत राहत होतं. मग त्यांनी वरच्या मुळांवरची छिद्रं ग्रीस लावून बुजवली. बाकी काही केलं नाही. दोन दिवसांत आतला ऑक्सिजन दोन टक्क्यांवर आला.

तिवराच्या बाबतीत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. भरतीचं पाणी श्वसनमुळांच्या वर चढलं की छिद्रं बंद पडतात. आत मुळं ऑक्सिजन वापरत राहतात, आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो. त्यामुळे आतला दाब कमी होत जातो. मग ओहोटी लागते, काड्यांची टोकं उघडी पडतात आणि त्याच क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणजे खाडीतलं प्रत्येक तिवर दिवसातून दोनदा दम धरतं आणि दोनदा हुश्श करतं. मी ज्याला झुडूप म्हणत होतो, ते माझ्या खिडकीखाली समुद्राच्या तालावर श्वास घेत होतं.

आणि आम्ही काय केलं होतं? ग्रीसऐवजी डेब्रिज वापरलं होतं.

त्या काळी शहरात जुन्या चाळी पाडून इमारती उठत होत्या आणि डेब्रिज टाकायला जागा शोधत ट्रकवाले फिरत असायचे. पैसे द्यावे लागत नव्हते, उलट चहापाण्याला तेच काहीतरी द्यायला तयार असायचे. (आम्ही घेतलं नाही. पण हे सांगून फार मोठेपणा मिळतो असं नाही.) आम्हाला पार्किंगला जागा हवी होती, डास नको होते. महिनाभर रात्री ट्रक आले. झाडांच्या बुंध्याभोवती दोन-अडीच फूट भराव बसला, वरून रोलर. झाडं मात्र तशीच हिरवी उभी. भरावात सावली देणारी झाडं, आणखी काय हवं!

आमच्याकडे तेव्हा रात्रपाळीला एक आगरी बाबा होते. वॉचमन म्हणायचं, पण एके काळी त्यांच्या घरची याच खाडीच्या काठाला भातशेती होती. बाबा कंपाउंडपाशी उभे राहून ते सगळं बघत होते. मला म्हणाले, "साहेब, झारांची नाकां बुजली."

मी हसलो. चक्क त्यांना समजावलं, की बाबा, झाडं पानांनी श्वास घेतात. मी बी.एस्सी. आहे. रसायनशास्त्रात का होईना, पण आहे. बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पानं पिवळी पडू लागली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात खराटे झाले.

बाबांना हे कुठून माहीत होतं, याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि ते काही गोड नाही. आगरी समाजाला तिवर कसं मरतं हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, कारण त्यावरच त्यांची शेती उभी होती. ठाणे, पनवेल, पेण, अलिबाग या सगळ्या पट्ट्यात खारी जमीन भातासाठी काढायची रीत जुनी आहे. ठाण्यात खारटन रोड आहे, पलीकडे खारेगाव आहे, नावांमध्येच खार बसलाय. रीत अशी : खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, त्याला उघाडी ठेवायची, म्हणजे दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीचं पाणी आत येत नाही. बांधाच्या आतलं तिवर हळूहळू संपतं. मग पावसाळ्यामागून पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन नेतात आणि काही वर्षांनी तिथे भात उभं राहतं. अलिबाग-पेणकडे याची शिलोत्री नावाची पद्धतच होती. समुद्राकडचा मुख्य बांध राखायची जबाबदारी शिलोत्रीदारावर, आणि त्याबद्दल पिकातला वेगळा वाटा त्याला. बांध फुटला की एका रात्रीत सगळं परत खारं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये खार जमिनींचे कायदे केले, तेही मुख्यतः हे बांध कुणी आणि कसे सांभाळायचे यासाठी.

आता यातली गंमत बघा. तिवर काढून त्या जागी लावायचं काय, तर भात. आणि भात तरी कोण? तोही चिखलातच उभा राहणारा! भाताच्या मुळांतही तशीच पोकळ वायुऊती असते. पानांतून हवा खाली मुळांच्या टोकापर्यंत जाते आणि थोडी बाहेर चिखलात झिरपते. भाताचं रोप उपटून मुळं धुतलीत तर त्यांवर तांबूस गंजासारखा लेप दिसेल. तो खरोखर गंजच असतो. मुळातून झिरपलेल्या ऑक्सिजनने चिखलातल्या लोहाचा गंज होतो आणि पुढचं विष मुळाला शिवत नाही. लावणी करणाऱ्या बाईच्या हाताला लागणारा तो तांबडा रंग म्हणजे भाताचा उच्छ्वास. फक्त बहुतेक भातांना मीठ सोसत नाही, म्हणून खारात वेगळी वाणं लागतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशी वाणं दिली ती यासाठीच.

मी बाबांना नंतर एकदा विचारलं होतं, की तुम्हीही तिवर मारतच होतात ना? त्यांना राग आला नाही. म्हणाले, "आतलं मारायचं, साहेब. बाहेरचं नाय. बाहेरचं गेलं तं बांध कोन धरल?" बांधाबाहेरच्या तिवराला हात लावायचा नाही, असं त्यांच्या आज्याने सांगितलेलं. लाटेचा मार तिवर खातं, म्हणून बांध टिकतो. शिवाय निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी सगळं त्या मुळांच्या आसऱ्याने. म्हणजे त्यांना ते झाड कसं मरतं हे माहीत होतं आणि कुठवर मारायचं हेही माहीत होतं. आम्हाला दोन्ही माहीत नव्हतं.

इंग्रजांच्या काळापासून मात्र हे 'कुठवर' सुटत गेलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. १ मे १८५४ ला ती खाडी ओलांडून कल्याणला पोचली. दलदलीतून रूळ न्यायचे म्हणजे भराव आलाच. आपण सगळे त्या भरावाची लेकरं आहोत. तो नसता तर डोंबिवली आजची डोंबिवली झाली नसती आणि मी हे लिहायला इथे नसतो. त्यामुळे रेल्वेला नावं ठेवायचा मला तोंडच नाही. पण त्यानंतर रस्ते, कारखाने, डंपिंग, वसाहती असं होत गेलं आणि प्रत्येक वेळी खाडीची जागा ही 'रिकामी' जागा धरली गेली. नकाशावर ज्या जागेला नाव नाही, ती रिकामी!

फेब्रुवारी १९९१ मध्ये किनारपट्टीच्या नियमांची अधिसूचना निघाली, तिच्यात खारफुटीची जागा सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात होती. म्हणजे २००१ मध्ये मी सही केली तेव्हा कायदा दहा वर्षांचा होता. मला माहीत नव्हतं हे खरं. मी विचारलं नाही हेही खरं.

मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. उल्हास नदी फुगली, कल्याण, बदलापूर पाण्यात. आमच्या मीटर रूममध्ये कमरेएवढं पाणी, आणि ते उतरायला तयार नाही, कारण मागच्या बाजूला उतरायला जागाच नव्हती. ती आम्ही समतल करून घेतली होती. एवढ्या प्रलयापुढे आमच्या भरावाची काय मोठी बिशाद, हे मला कळतं. उगाच सगळं अंगावर ओढून घेण्यातही एक प्रकारचा अहंकार असतो. पण त्या रात्री जिन्यात मेणबत्ती घेऊन बसलो असताना मला बाबांचं ते वाक्य आठवलं आणि पहिल्यांदा हसू आलं नाही.

त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडायला आणि तिच्यावर डेब्रिज, कचरा टाकायला बंदी घातली. भोवतालच्या पन्नास मीटरमधली बांधकामंही थांबवली. मला त्या आदेशात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते 'डेब्रिज टाकायला' हे. कुऱ्हाड थांबवून भागत नाही, हे कोर्टाने ओळखलं होतं. २०१२ मध्ये वन विभागाचा कांदळवन कक्ष झाला. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला असल्याचं म्हटलं. आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत गेली. जिच्याकडे बघून आम्ही नाकं मुरडली, ती आता आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

त्याच २०२२ च्या डिसेंबरमध्ये बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे, पालघरमधली सुमारे वीस हजार खारफुटीची झाडं तोडायची परवानगी त्याच न्यायालयाने दिली. आधी मागणी होती पन्नास हजारांहून जास्त झाडांची, ती कमी करून घेतलेली. खाडीखालून सात किलोमीटरचा बोगदाही ठरला, म्हणजे वरच्या पाणथळ जागेला धक्का लागू नये. हे बरोबर की चूक, यावर मी ठाम काही बोलू शकत नाही. निदान झाडं मोजली गेली, अर्ज करावा लागला, कुणाला तरी परवानगी द्यावी लागली. आमची कुणी मोजली नव्हती. मीही मोजली नव्हती. आता आठवून आकडा लावायचा प्रयत्न करतो, तर कधी चाळीस येतात, कधी साठ.

रिडेव्हलपमेंटच्या परवाच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाने चकचकीत चित्रं दाखवली. मागच्या बाजूचे फ्लॅट महाग असणार आहेत, कारण तिथून हिरवीगार खाडी दिसणार! ज्या झाडीमुळे मला फ्लॅट स्वस्तात मिळाला, तिच्याचमुळे तो महाग होणार. मी वही बरोबर नेली होती. उठून सांगितलं, की मागच्या पट्ट्यातला भराव आपण टाकलेला आहे, तो आपल्या हद्दीबाहेर आहे, आणि नवीन काम काढतोच आहोत तर कांदळवनवाल्यांना बोलावून तो उचलता येतो का ते विचारावं. पाणी आत आलं तर बाकीचं तिवर आपलं आपण बघून घेतं. त्याचं बी झाडावर असतानाच अंकुरायला लागतं आणि भरतीबरोबर येऊन रुजतं.

थोडी कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, आत्ता हे उकरून काढलं तर परवानग्या अडकतील. कुणीतरी म्हणालं, त्या वेळी सगळेच करत होते. दोन्ही खरंच आहे. विषय पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात त्याची नोंद घ्या, एवढं मात्र मी आग्रहाने करून घेतलं.

सभेनंतर मागे जाऊन आलो. भरावाच्या कोपऱ्यात, जिथे नाल्याच्या पाण्याने डेब्रिज कापून नेलंय, तिथे ओहोटी लागली होती. फुटक्या फरश्या, विटांचे तुकडे, आणि त्यांच्या फटीतून वर आलेल्या काड्या. या वेळी मोजल्या. सत्तावीसपर्यंत गेलो आणि अंधार पडला.